आहेराचा रकाना

सी.ए. साहेबांनी पाठवलेल्या कागदावर घरखर्चाचे एकोणीस रकाने होते आणि त्यात आहेराला जागा नव्हती. भाडं होतं, किराणा होता, दूध, गॅस, वीज, औषधं, शिक्षण, प्रवास, विमा, सगळं होतं. अगदी शेवटी ‘इतर’ होतं. बेळगावातल्या अनगोळच्या भाड्याच्या घरात, स्वयंपाकघरातल्या टेबलावर मी माझ्या वह्या मांडून बसले होते. रविवार पेठेतून दर पाडव्याला आणलेल्या, लाल कापडी पाठीच्या लांबट वह्या. त्यांतला एकही महिना आहेराशिवाय गेलेला नाही. कुणाचं लग्न, कुणाची वास्तुशांत, कुणाचं बारसं, कुणाची साठी. ‘इतर’मध्ये तो कसा घालायचा? ‘इतर’ म्हणजे चपलेचा अंगठा शिवून आणला ते.

या कागदापर्यंत आम्ही कसे आलो ते आधी सांगते.

उद्यमबागेत आमची फौंड्री होती. लहानच. बावीस माणसं कामाला. पंपाची केसिंग आणि ट्रॅक्टरचे सुटे भाग ओतून द्यायचो. मोठं कर्ज हवं झालं तेव्हा, २०१४ साली, भागीदारी मोडून प्रायव्हेट लिमिटेड कंपनी केली. कंपनी केली की धंद्याचं कर्ज धंद्यापुरतं राहतं, घराच्या उंबऱ्यापर्यंत येत नाही, असं आम्ही धरून चाललो होतो. पण कर्ज देताना बँकेने यांची वैयक्तिक हमी घेतली आणि राहतं घर तारण घेतलं. त्या दिवशी मी बरोबर होते. सह्या करून करून यांची बोटं आखडली, मधे चहा आला, पेढेही आले. हमीचा कागद त्या गठ्ठ्यात कितवा होता ते आज दोघांनाही आठवत नाही.

२०१९ साली देशभर गाड्यांचा बाजार बसला आणि आमच्या ऑर्डरी निम्म्यावर आल्या. नव्वद दिवसांनी येणारं बिल दोनशे दिवसांनी यायला लागलं. पुढच्या वर्षी लॉकडाऊन लागला. फर्नेस बंद पडली ती पुन्हा नीट पेटलीच नाही. कंपनी अवसायनात गेली, म्हणजे मोडून विकायला निघाली, २०२२ साली घराचा लिलाव झाला आणि एवढं सगळं विकूनही कर्ज उरलं. उरलेलं कर्ज हमीदाराकडे आलं. आकडा इथे लिहीत नाही. हे आता दुसऱ्याच्या फौंड्रीत सुपरवायझर आहेत, महिना ३२,००० वर. त्या पगारातून तो आकडा या जन्मात फिटणारा नाही, एवढं सांगितलं तरी पुरे.

दिवाळखोरीचा अर्ज हा शब्द घरात पहिल्यांदा उच्चारला गेला तेव्हा सासूबाई देवापाशी वाती वळत होत्या. त्यांनी हात थांबवला नाही, पण वात लांबतच गेली. त्यांच्या पिढीत दिवाळं काढणं म्हणजे रातोरात गाव सोडणं. आता तसं नाही हे मलाही हळूहळू कळलं. २०१६ च्या दिवाळखोरी संहितेत माणसांसाठी वेगळा भाग आहे. पण तो सगळ्या माणसांना लागू केलेला नाही. १ डिसेंबर २०१९ पासून तो फक्त कंपनीच्या कर्जाला हमी राहिलेल्यांना लागू झाला. आमचा अर्ज म्हणून बेळगावच्या कोर्टात न जाता बंगळुरूच्या एन.सी.एल.टी.त, म्हणजे कंपन्यांच्या खटल्यांच्या न्यायाधिकरणात गेला. आमचा अर्ज दाखल झाला तशी कर्जाबाबतच्या कारवायांना तात्पुरती स्थगिती मिळाली. दारात येणारी माणसं थांबली. फोन वाजला की यांचा उजवा खांदा वर जायचा, ती सवय मात्र अजून गेलेली नाही.

मग कर्जाचा तोडगा मार्गी लावायला एक रिझोल्यूशन प्रोफेशनल नेमतात, सगळे त्यांना आर.पी. म्हणतात. आमचे हुबळीचे. त्यांच्या सल्ल्याने कर्जदाराने परतफेडीचा आराखडा मांडायचा. मग मत देणाऱ्या धनकोंचं, म्हणजे ज्यांचं देणं आहे त्यांचं, जेवढं येणं असेल त्यातल्या तीन-चतुर्थांशाहून जास्त रकमेच्या धनकोंचा होकार हवा. होकार नाही मिळाला किंवा आराखडा मधेच मोडला, तर पुढची पायरी खऱ्या दिवाळखोरीची. आणि या आराखड्यात एक पान असावंच लागतं. हमीदाराचा आणि त्याच्यावर अवलंबून असलेल्या जवळच्या कुटुंबाचा वाजवी खर्च भागेल असं किमान अंदाजपत्रक, आराखड्याच्या सगळ्या काळासाठी.

त्या जाडजूड फायलीतली बाकीची पानं बँकेची, वकिलांची, कंपनीची. मला लिहिता येईल असं हे एकच पान होतं. चौघांनी काय खायचं, काय ल्यायचं, कुणाच्या दारात जायचं, ते त्यावर येणार होतं. म्हणून मी सगळ्या वह्या काढल्या.

पहिला कागद मात्र वह्यांवरून झालाच नाही. हे शेजारी खुर्ची ओढून बसले आणि आकडे सांगत गेले.

“भाजी हजार लिही.”

“अहो, दोन हजाराला कमी कधी पडलीय?”

“हजार लिही. मी संध्याकाळी उशिरा जाऊन आणतो, स्वस्त मिळते.”

दूध निम्म्यावर आलं. आईंची औषधं पंधराशे झाली. कपडे पुसले गेले. मुलीच्या कॉलेजच्या बसचं म्हणे ती सायकलने जाईल. ती टेबलाच्या पलीकडे लॅपटॉप घेऊन बसली होती, काही बोलली नाही. मी आहेराचं विचारलं तर हे म्हणाले, “तो काढून टाक. लोकांचे पैसे बुडवलेल्या माणसाने आहेर करायचा नसतो.”

बेरीज २१,५०० आली. यांचा पगार आणि माझं घरगुती कामाचं मिळून सरासरी ३९,०००. म्हणजे महिन्याला १७,५०० बँकेला. यांनी तो आकडा दोनदा मोठ्याने म्हटला. त्या रात्री कित्येक महिन्यांनी यांना गाढ झोप लागली. मला ते बघून बरं वाटलं, आणि भीतीही वाटली.

टिळकवाडीतल्या ऑफिसात सी.ए. साहेबांनी कागद वाचला आणि बाजूला ठेवला. “वहिनी, गेल्या तीन वर्षांत एवढ्यात गेलेला एक महिना मला वहीत दाखवा.” तसा महिना नव्हता. त्यांचं म्हणणं सरळ होतं. फुगवलेला खर्च धनकोंच्या लगेच लक्षात येतो आणि विश्वास जातो. पण आक्रसलेला खर्च कुणाच्याच लक्षात येत नाही, धनकोही खूश होतात, आणि चौथ्या-पाचव्या महिन्यात हप्ता चुकतो. हप्ता चुकला की आराखडा मोडतो, आराखडा मोडला की सगळं पुन्हा पहिल्यापासून आणि याहून वाईट. ते म्हणाले, “साहेबांना जास्त द्यायचंय हे मला कळतंय. पण हे आश्वासन पाळता येणारं नाही, आणि न पाळता येणारं आश्वासन त्यांनी आधी एकदा दिलेलं आहे.”

हे खाली बघत राहिले. परतताना स्कूटरवर आम्ही एक अक्षर बोललो नाही.

तरी कदाचित तो पहिलाच कागद हट्टाने पुढे गेला असता. गेला नाही तो सासूबाईंच्या गोळ्यांमुळे.

त्यांचं वय अठ्ठ्याहत्तर. रक्तदाब आणि साखर दोन्ही. औषधं मी आणते, डबीत त्या स्वतः भरतात. त्या आठवड्यात नवी पाकिटं आणायला निघाले तर म्हणाल्या, “आहेत अजून, घाई नको.” पंधरा गोळ्यांची पट्टी पंधरा दिवसांत संपायला हवी. मी डबी उघडली. एका कप्प्यात वर्तमानपत्राच्या कागदाची पुडी होती आणि तिच्यात अर्ध्या अर्ध्या गोळ्या. सुरीने कापलेल्या. काहींचा चुरा झालेला, तोही टाकलेला नव्हता. कापलेल्या गोळ्यांच्या कडा ओलसर हवेने पिवळट झाल्या होत्या. बेळगावचा जुलै, कपडेसुद्धा चार दिवस वाळत नाहीत.

“आई, हे कधीपासून?”

“तू लिहीत होतीस ना त्या दिवशी. पंधराशे म्हणाला तो. मला चक्कर वगैरे काही येत नाही गं. अर्ध्यावर भागतंय की.”

संध्याकाळी मी ती पुडी यांच्यापुढे टेबलावर ठेवली. काय झालं ते सांगितलं, दुसरं काही बोलले नाही. हे बराच वेळ एक अर्धी गोळी बोटात धरून बसले. मग उठून आईजवळ गेले, आतलं बोलणं मला ऐकू आलं नाही. परत आले ते वही उघडूनच. “हं, सांग. एप्रिलपासून सांग.”

दुसरा कागद आम्ही दोघांनी वह्यांवरून केला. त्याला चार रात्री लागल्या.

गॅसचं उदाहरण सांगते. सिलिंडर लावला की मी कालनिर्णयवर त्या तारखेला बारीक गोल करते. वर्षाचे गोल मोजले, नऊ निघाले. नऊ सिलिंडरची रक्कम भागिले बारा, महिन्याला ६५०. नुसता चालू महिना बघितला असता तर कधी शून्य आलं असतं, कधी नऊशेच्या आसपास. हीच गोष्ट सगळ्याला लावावी लागते. आमच्याकडे एप्रिलात वर्षाची चटणी होते. ब्याडगीची रंगाला, संकेश्वरी तिखटाला, शिवाय धणे, खोबरं, कांदा, लसूण आणि गिरणीचा दळणावळ. सुगीनंतर वर्षाचं इंद्रायणी तांदूळ येतं. जुलैत मुलीची फी. दिवाळीत एका आठवड्यात तीन महिन्यांचं तेल जातं. महिन्याच्या कागदावर हे कुठेच दिसत नाही, आणि घर दरवर्षी याच महिन्यांत हातउसने करायला लागतं. आमच्या जुन्या वह्यांत उसनवारीच्या नोंदी मी पहिल्यांदाच सलग बघितल्या. जुलै आणि ऑक्टोबर, जुलै आणि ऑक्टोबर. फौंड्री जोरात होती तेव्हासुद्धा.

मिळकतीचंही तसंच. मी चटणी, मेतकूट, दिवाळीचा फराळ करून देते. एखाद्या महिन्यात १,२०० सुटतात, चटणीच्या हंगामात १९,०००. हे एरवी ‘दहा-बारा हजार तरी असतील’ म्हणायचे, त्यांच्या डोळ्यांसमोर एप्रिल असायचा. बारा महिन्यांची बेरीज केली तर ८४,००० आली. म्हणजे महिन्याला ७,०००, त्याहून एक रुपया जास्त नाही. सी.ए. साहेबांनी सांगितलं होतं की मिळकत मोजताना सगळ्यात चांगला महिना धरायचा नाही आणि खर्च मोजताना सगळ्यात काटकसरीचा महिना धरायचा नाही. जिला अशी वही लिहायची असेल तिने एवढं तरी लक्षात ठेवावं.

विजेच्या रकान्यात मी शून्य लिहिलं. गृहज्योतीत दोनशे युनिटांच्या आत, आपल्या सरासरीपेक्षा थोडं जास्त एवढी वीज राज्य सरकार फुकट देतं, आणि आमचं त्यात बसतं. बसचा खर्च माझा जवळजवळ नाही. माहेर चंदगड तालुक्यात. बाचीपर्यंत कर्नाटकाच्या बसला शक्ती योजनेत बायकांना तिकीट नाही, पुढे शिनोळीपासून महाराष्ट्राच्या एसटीत अर्धं. दोन राज्यांच्या मधे राहण्याचा त्रास आम्ही जन्मभर काढला, घरखर्चाच्या कागदावर त्याचा असा थोडा उपयोग झाला.

एकूण ३२,८०० आले. भाडं सहा हजार, किराणा साडेआठ, औषधं २,७०० डॉक्टरांच्या चिठ्ठीसकट. ३९,००० मधून ते गेले की उरतात ६,२००. त्यातले सातशे हाताशी ठेवायचे आणि महिना ५,५००, तीन वर्षं, धनकोंना द्यायचे. शिवाय येळ्ळूरच्या वडिलोपार्जित जमिनीतला यांचा हिस्सा विकून येईल ती रक्कम. खरा भार तिच्यावर होता. साडेसतराचे साडेपाच झाले तेव्हा यांचा चेहरा उतरला. ती झोप पुन्हा आली नाही. पण आईंची डबी दर रविवारी आता हेच भरतात.

धनकोंच्या यादीत बँक होती, कोळसा आणि पिग आयर्न देणारे व्यापारी होते, आणि निपाणीचे यांचे आतेभाऊ होते. २०२० च्या मेमध्ये कामगारांचे पगार द्यायला त्यांनी दोन लाख रुपये आणून दिले होते. कागद नाही, व्याज नाही. चहासुद्धा न घेता गेले, गावात पोलीस अडवत होते म्हणून. अर्ज करायच्या आधी यांना ते दोन लाख काहीही करून फेडायचे होते. माझ्या पाटल्या मोडायच्या आणि भावाचं देऊन टाकायचं. मीही तयार होते. सी.ए. साहेबांनी हात जोडले. सगळ्यांचं देणं असताना नातेवाइकाचं तेवढं आधी फेडलं तर पुढे दिवाळखोरीपर्यंत गोष्ट गेल्यावर ते दोन वर्षं मागे जाऊन तपासलं जातं आणि तो व्यवहार रद्दही होऊ शकतो. भावाला दिलेले पैसे भावाकडूनच परत मागवायची वेळ येईल. म्हणून त्यांचं नाव इतरांबरोबर यादीत गेलं.

जाहीर नोटीस निघाली की धनकोंनी एकवीस दिवसांत आपला दावा नोंदवायचा असतो. यांनी त्यांना फोन केला, अर्ज कसा भरायचा ते समजावून सांगितलं. पलीकडून उत्तर आलं, “तुझ्यावर दावा लावू मी? तुझी आत्त्या वर बसून बघतेय.” त्यांनी दावा नोंदवलाच नाही. कायद्याच्या कागदावर त्या दोन लाखांचं काय होईल ते होईल. माझ्या वहीत शेवटच्या पानावर ते आहेत आणि राहतील.

मंगळसूत्राचाही प्रश्न आला. तारण नसलेले, धर्माच्या रिवाजाप्रमाणे अंगावरून उतरवता येत नाहीत असे कर्जदाराचे आणि त्याच्या घरच्यांचे दागिने कायदा वगळतो, पण ठरावीक किमतीपर्यंतच. ती मर्यादा एक लाखाची. २०१९ च्या नियमांत ती ठरली तेव्हा सोनं तोळ्याला चाळीस हजारांच्या आत होतं. २०२५ मध्ये तोळाच लाखाच्या पुढे गेला. दोन वाट्या आणि मणी वजन करून देताना सराफाने आकडा चिठ्ठीवर लिहिला, तोंडाने सांगितला नाही. मर्यादा भावाबरोबर वाढायला हवी असं मला मनापासून वाटतं. २०१९ मधल्या दोन वाट्या आज तितक्याच वजनाच्या आहेत, त्या पुसट झाल्यात, वाढलेल्या नाहीत. घरांबद्दलही अशीच सवलत आहे, पण तीही तारण नसलेल्या घरांना. आमचं घर कधीच गेलेलं होतं.

हे सगळं करताना वडगावातल्या बायका माझ्या डोळ्यांपुढून हलत नव्हत्या. मी चटणी करते तेव्हा मिरच्यांची देठं काढायला दोघी-तिघी येतात. घरात दोन माग, एखादा बंदच. तीन-तीन ठिकाणची मायक्रोफायनान्सची कर्जं, एकाचा हप्ता दुसऱ्याच्या पैशातून. वसुलीतल्या जबरदस्तीविरुद्ध कर्नाटक सरकारने २०२५ च्या फेब्रुवारीत वटहुकूम काढला, पुढे कायदा आला, ते चांगलंच झालं. पण कर्जातून सुटण्याचा रीतसर मार्ग त्यांना कुठे आहे? गरिबांसाठी संहितेत ‘नवी सुरुवात’ म्हणून एक तजवीज लिहून ठेवलेली आहे. वर्षाची मिळकत ६०,००० पर्यंत, मालमत्ता २०,००० पर्यंत, कर्ज ३५,००० पर्यंत आणि स्वतःचं घर नको. मी हे आकडे त्यांतल्या एकीला सांगितले. ती म्हणाली, “पस्तीस हजार कर्ज असतं तर मी झोपले असते की निवांत.” आणि एवढी तोकडी तजवीजसुद्धा अजून लागू झालेली नाही. कारखाना बुडवलेल्या आम्हाला बंगळुरूचं दार उघडं आहे आणि देठं खुडणाऱ्या तिला नाही, हे मला बरोबर वाटत नाही. तिच्यासाठी मी एवढंच करू शकले की तिला एक लाल पाठीची वही आणून दिली आणि बारा महिने कसे मांडायचे ते दाखवलं. जुलैच्या पानावर ती अडली. म्हणाली, जुलै दरवर्षी असाच असतो होय?

जाहीर नोटीस एका इंग्रजी आणि एका प्रादेशिक भाषेतल्या वर्तमानपत्रात द्यावी लागते, राज्यात खपणाऱ्या. सासूबाई रोज सकाळी मराठी पेपर उघडून शेवटच्या पानापासून वाचत यायच्या. नोटिसांची पानं, निविदा, नावात बदल, सगळं. आठ दिवसांनी मी त्यांना सांगितलं की ती येऊन गेली, कन्नड पेपरात. त्यांनी चष्मा काढला. “म्हणजे आपल्या गल्लीत कुणी वाचली नसेल.”

वाचली होती. खालच्या मजल्यावर कन्नड शाळेतल्या बाई राहतात. त्या दिवशी कढीलिंबाच्या काड्या घेऊन वर आल्या, पाच मिनिटं पावसाचं बोलल्या, आणि जाता जाता म्हणाल्या, “तुमची चटणी ह्या वर्षी पाच किलो पाहिजे मला. बहिणीला धारवाडला पाठवणार. पैशे आत्ताच ठेवून घ्या.” एप्रिलला अजून पाच-सहा महिने होते. मी नको म्हणेपर्यंत त्या जिना उतरल्या होत्या. ते पैसे मी त्याच दिवशी मिळकतीत लिहिले आणि आर.पी.ना कळवले. कळवायलाच हवे होते.

राहिला तो आहेर.

मुलगी आमचा मराठी कागद इंग्रजीत उतरवत होती. आहेरापाशी तिने ‘गिफ्ट्स’ लिहिलं. यांनी वाचलं आणि म्हणाले, “गिफ्ट्स म्हणजे वाढदिवसाचे केक वाटतात. ते नाही.” मग तिने ‘सोशल ऑब्लिगेशन्स’ केलं. तेही यांना पटेना. शेवटी मी कपाटातून आमच्या लग्नातली आहेराची वही काढली. सासऱ्यांच्या अक्षरातली, १९९८ सालची. कुणी अकरा रुपये, कुणी एक्कावन्न, कुणी स्टीलचा तांब्या, कुणी खण-नारळ. प्रत्येक नावापुढे नंतर लाल शाईत एक खूण, परत केल्याची. त्या घरात लग्न निघालं, आपण गेलो, त्यांनी दिलं होतं ते थोडी भर घालून परत केलं, की खूण. सासरे गेल्यावर त्या खुणा मी करत आले. सत्तावीस वर्षांनंतरही चाळीसेक नावांपुढे खूण नाही. त्यांची मुलं लहान होती तेव्हा, आता त्यांची लग्नं निघताहेत.

यांनी पानं उलटली. लोकांचे पैसे बुडवलेल्या माणसाने आहेर करू नये, असं म्हणाले होते ते. आता चाळीस नावं मोजून झाल्यावर म्हणाले, “हेसुद्धा देणंच आहे की.” आणि सण-आहेर मिळून महिना १,५०० लिहायला सांगितलं. इंग्रजी शब्द काही सुचला नाही. तो ‘सोशल ऑब्लिगेशन्स’च राहिला.

धनकोंची बैठक व्हिडिओवर झाली. हे शर्ट इस्त्री करून लॅपटॉपसमोर बसले, मी कॅमेऱ्यात येणार नाही अशी भिंतीला टेकून उभी. बँकेचे अधिकारी दक्षिण कर्नाटकातल्या मंड्याकडचे होते, वयाने आमच्या मुलीपेक्षा फार मोठे नसतील. जमिनीवर बरंच बोलणं झालं, सगळं इंग्रजीत. मग ते घरखर्चाच्या पानावर आले. भाडं ठीक, औषधं ठीक. विम्याला प्रश्न विचारला, उत्तर मिळालं. मग त्यांचं बोट थांबलेलं मला इथून दिसल्यासारखं वाटलं. सोशल ऑब्लिगेशन्स, दीड हजार, हे काय? इतक्या कर्जात असताना हे कशासाठी?

यांनी इंग्रजीत सुरुवात केली. लग्नात लोकांनी दिलेलं असतं, ते परत करावं लागतं, लिहून ठेवलेलं असतं. वाक्य मधेच अडलं. आर.पी. काहीतरी बोलणार एवढ्यात यांनी इंग्रजी सोडून कन्नडात सांगितलं, उद्यमबागेतल्या कामगारांशी बोलायचे तशा आमच्या भागातल्या कन्नडात. आमच्या लग्नात त्यांनी केलं, आता त्यांच्या मुलांच्या लग्नात आम्ही करायचं.

“मुय्यी,” ते अधिकारी म्हणाले. मग आर.पी.ना समजावल्यासारखं पुन्हा एकदा, “मुय्यी सार्, मुय्यी. नम्म कडेनू इदे.” आमच्याकडेही आहे.

आणि पुढच्या पानावर गेले.

दुपारी मी आहेराच्या वहीत पेन्सिलीने समासात तो शब्द लिहून ठेवला. पुढच्या महिन्यात खानापूरला लग्न आहे. त्यांचे १९९८ चे एकवीस रुपये आणि पितळेची समई.